पुढचे पाठ, मागचे सपाट

विद्यार्थिमित्रांनो, वरची म्हण तुम्ही घरी किंवा शाळेत कधी ना कधी ऐकली असेल. बहुधा ती तुम्हालाच उद्देशून म्हटली गेली असेल! नवा धडा पाठ केला की आधीचा पुसला जातो, असा तिचा अर्थ. दहावीच्या वर्षात ही म्हण पुष्कळांना छळते. जुलैमध्ये शिकलेले प्रकाशाचे अपवर्तन दिवाळीनंतर उघडून पाहावे, तर जणू पहिल्यांदाच वाचत आहोत असे वाटते. मग विद्यार्थी म्हणतो, "सर, मी वाचतो खूप, पण लक्षातच राहत नाही. माझं डोकंच तसं आहे."

यातले शेवटचे वाक्य फार घातक आहे. अकरावीला विज्ञान घ्यायचे की नाही, पुढे शिकायचे की नाही, असे निर्णय या एका वाक्याच्या आधारे घेतले जातात. वर्धा, आर्वी किंवा हिंगणघाटला आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने शिकायला येणारी कितीतरी मुलेमुली हे वाक्य मनाशी पक्के करूनच वर्गात बसतात. पण हे वाक्य खरे आहे का? आपण पदार्थाचे वस्तुमान मोजतो, तापमान मोजतो. तसे विस्मरण मोजता येईल का? आणि मोजता आले, तर ते कमी करण्याचा मार्ग सापडेल का? या प्रश्नांची उत्तरे प्रयोगांनी दिलेली आहेत. ती आपण क्रमाने पाहू.

विसरणे मोजणारा माणूस

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८७९ च्या सुमारास हे काम हाती घेतले. त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, विद्यार्थी नव्हते. त्याने स्वतःवरच प्रयोग केले. ओळखीचे शब्द घेतले तर काही सोपे, काही अवघड असा भेद पडतो. म्हणून त्याने सुमारे २३०० निरर्थक शब्द तयार केले. मराठीत सांगायचे तर 'झेग', 'ठुप', 'बिढ' अशा धाटणीचे. त्यांच्या याद्या करून तो त्या एका ठराविक लयीत पाठ करी, पाठ व्हायला किती वेळ लागला ते टिपून ठेवी, आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करी.

दुसऱ्या वेळी वेळ कमी लागे. समजा, पहिल्यांदा यादी पाठ व्हायला १००० सेकंद लागले आणि दुसऱ्या दिवशी ६६० सेकंद पुरले, तर ३४० सेकंद वाचले, म्हणजे ३४ टक्के बचत झाली. ही बचत म्हणजे मनात शिल्लक राहिलेला भाग, असे त्याने मानले. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकातील आकडे असे आहेत:

सुमारे २० मिनिटांनी : ५८ टक्के
१ तासाने : ४४ टक्के
सुमारे ९ तासांनी : ३६ टक्के
१ दिवसाने : ३४ टक्के
२ दिवसांनी : २८ टक्के
६ दिवसांनी : २५ टक्के
३१ दिवसांनी : २१ टक्के

आलेख कागदावर हे बिंदू मांडून पाहा. वक्ररेषा सुरुवातीला कड्यासारखी कोसळते आणि मग जवळजवळ आडवी होते. किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासाचा आलेख तुम्ही पाहिला असेल, तर हा तसाच दिसेल. पण थोडा हिशेब करा. किरणोत्सारी ऱ्हासात समान काळात समान प्रमाणात घट होते. विस्मरण तसे असते, तर पहिल्या तासात ४४ टक्के उरले म्हणजे दुसऱ्या तासानंतर त्याचे ४४ टक्के, तिसऱ्यानंतर पुन्हा त्याचे ४४ टक्के, अशा रीतीने ९ तासांनी जेमतेम ०.०६ टक्के उरले असते. प्रत्यक्षात ३६ टक्के उरले! म्हणजे जे पहिल्या तासाभरात गळून जात नाही, ते पुढे चिवटपणे टिकून राहते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, सर्वांत मोठी गळती पहिल्या दिवसातच होते; म्हणून पहिली उजळणी लवकर व्हायला हवी. दोन, जे 'साफ विसरलो' असे वाटते तेही साफ गेलेले नसते. महिन्याभरानेसुद्धा पाचव्या हिश्श्याइतका वेळ वाचतो. दिवाळीनंतर उघडलेला अपवर्तनाचा धडा अनोळखी वाटला, तरी तो पहिल्यापेक्षा लवकर बसतो. तेव्हा 'मागचे सपाट' हे पूर्ण खरे नाही. आणि लक्षात घ्या, हे आकडे निरर्थक शब्दांचे आहेत. अर्थ असलेला मजकूर याहून अधिक टिकतो.

अरुंद दरवाजा

स्मरणाचे तीन टप्पे मानतात: आत घेणे, साठवणे आणि हवे तेव्हा बाहेर काढणे. यांतील पहिल्या टप्प्यावर एक अडचण आहे. एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टींची संख्या फार थोडी असते. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली ती सुमारे सात सांगितली. नंतरच्या संशोधनात ती चारच्या आसपास असावी असे दिसले. हुशार मुलाचाही दरवाजा असाच अरुंद असतो.

पण 'गोष्ट' म्हणजे काय, हे मात्र आपल्या हाती असते. पुढचे आकडे एकदा वाचा आणि न पाहता म्हणा:

४४२००१४४२१०२४४२२०१४४२३०१

जमले नाही ना? चोवीस आकडे आहेत. कोणालाही एका वाचनात जमणार नाहीत. आता असे पाहा. हे चार पिनकोड आहेत: वर्धा ४४२००१, सेवाग्राम ४४२१०२, आर्वी ४४२२०१ आणि हिंगणघाट ४४२३०१. टपालखात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून ही सहा आकड्यांची पद्धत सुरू केली. चौघांचेही पहिले तीन आकडे ४४२ हेच आहेत. उरले ००१, १०२, २०१ आणि ३०१. पहिला आकडा ०, १, २, ३ असा ओळीने चढतो. शेवटी सगळीकडे ०१ आहे, फक्त सेवाग्रामला ०२. आता पुस्तक झाकून म्हणून पाहा. चोवीस गोष्टींच्या जागी चार-पाचच उरल्या.

आपली स्मरणशक्ती दोन मिनिटांत वाढली का? नाही. आपण माहितीतली रचना शोधली, एवढेच. ज्याला पाठांतराचा त्रास होतो, त्याने 'हे कसे घोकू?' असे विचारण्याआधी 'यात क्रम कोणता? सारखे काय? वेगळे काय?' असे विचारावे. धडा उघडल्यावर प्रथम त्यातील ठळक शीर्षके एका कागदावर लिहून काढावीत. वीस परिच्छेदांचा धडा पाच खणांत बसला की दरवाजातून आत जातो.

वाचणे वेगळे, आठवणे वेगळे

आता आपण सर्वांत महत्त्वाच्या प्रयोगाकडे येऊ. बहुतेक विद्यार्थी अभ्यास म्हणजे वाचन समजतात. एकदा वाचले, पुन्हा वाचले, मग रंगीत पेनाने ओळी रंगवून तिसऱ्यांदा वाचले. याचा उपयोग किती?

अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली हे तपासले. विद्यार्थ्यांना विज्ञानविषयक एक छोटा उतारा दिला. अभ्यासाच्या पाच-पाच मिनिटांच्या चार पाळ्या. पहिल्या गटाने चारही पाळ्यांत उतारा वाचला. दुसऱ्या गटाने फक्त पहिल्या पाळीत वाचला. उरलेल्या तीन पाळ्यांत उतारा काढून घेतला आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहायला सांगितले. पहिल्या गटाने तो उतारा सरासरी १४ वेळा वाचला, दुसऱ्याने तीन-साडेतीन वेळाच.

पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता: त्यांना ८३ टक्के आठवले, दुसऱ्यांना ७१ टक्के. येथेच थांबलो असतो तर 'वाचनच बरे' असा निष्कर्ष निघाला असता. पण एक आठवड्यानंतर चाचणी घेतली, तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के! आणखी मौज म्हणजे, 'आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?' असे आधी विचारले होते, तेव्हा वाचणाऱ्या गटाचाच आत्मविश्वास जास्त होता.

असे का घडते? एखादे पान तिसऱ्यांदा वाचताना ते ओळखीचे वाटते. ओळखीचे वाटणे म्हणजे येणे, अशी मनाची समजूत होते. पण परीक्षेत पुस्तक समोर नसते. तेथे ओळखायचे नसते, आठवून काढायचे असते. नदीकाठी बसून दुसऱ्याचे पोहणे दहा वेळा पाहिले, म्हणून पोहता येत नाही. आठवण्याची क्रिया ही स्वतंत्र क्रिया आहे आणि तिचाच सराव करावा लागतो. आठवताना कष्ट पडतात, अडखळायला होते. तेव्हा आपल्याला काही येत नाही असे वाटते. प्रत्यक्षात त्या अडखळण्यातच स्मरण पक्के होत असते. मात्र आठवून झाल्यावर पुस्तक उघडून चुका दुरुस्त करणे विसरू नका. नाहीतर चूकच पक्की होईल.

हे करायला पैसा लागत नाही. धडा एकदा लक्षपूर्वक वाचा. पुस्तक मिटा. जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर आठवेल ते लिहा. आकृती काढा, नावे द्या. मग पुस्तक उघडून सुटलेले तांबड्या शाईने भरा. पुढच्या वेळी तांबडे किती कमी झाले ते पाहा. कागद नसेल तर पाटी चालेल, पाटी नसेल तर एस.टी.च्या खिडकीशी बसून मनातल्या मनात चालेल. गावापासून तालुक्यापर्यंतचा अर्धा तास रोज जातोच. त्यात काल वर्गात झालेले तीन मुद्दे आठवायचे, एवढाच नेम करा.

परवच्यातले शहाणपण

तुमच्या आजोबा-आजींना विचारा. त्यांच्या लहानपणी दिवेलागणीच्या वेळी मुलांना ओळीने बसवून परवचा म्हणवून घेत. साधे पाढे तर असतच, पण पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी अशी अपूर्णांकांचीही उजळणी असे. दिडकी म्हणजे दीडचा पाढा, सवायकी म्हणजे सव्वाचा. कागद-पेन्सिल न घेता बाजारात धान्याचा, कापसाचा भाव करणाऱ्याला हे पाढे रोज उपयोगी पडत. ज्यांनी ते लहानपणी पाठ केले, त्यांच्यापैकी पुष्कळांना म्हातारपणीही ते येतात. चौथीनंतर शाळा सुटलेल्यांनासुद्धा!

त्यांचे डोके आपल्यापेक्षा वेगळे होते का? नाही. परवच्यात दोन गोष्टी आपोआप साधत. एक, पुस्तक समोर नसे; सारे आठवूनच म्हणावे लागे. दुसरी, एकाच दिवशी चार तास घोकण्याऐवजी रोज थोडा वेळ, वर्षानुवर्षे म्हणावे लागे. या दुसऱ्या गोष्टीलाही एबिंगहाउसच्या प्रयोगांत पुरावा मिळतो. बारा शब्दांची यादी एकाच दिवशी लागोपाठ ६८ वेळा म्हटल्याने जो लाभ झाला, तेवढाच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्याने झाला. कष्ट जवळजवळ निम्मे, फळ तेच.

चेतापेशींच्या पातळीवरही असे काही दिसते. एरिक कँडेल या शास्त्रज्ञाने सागरी गोगलगाईसारख्या एका साध्या प्राण्यावर प्रयोग केले. एकाच बैठकीत दिलेल्या शिकवणीचा परिणाम लवकर ओसरे. दिवसादिवसांच्या अंतराने दिलेल्या शिकवणीचा परिणाम आठवडेच्या आठवडे टिके. टिकाऊ स्मरणात चेतापेशींमधील जोडण्या प्रत्यक्ष बदलतात आणि त्यासाठी पेशीला नवी प्रथिने तयार करावी लागतात, हे या संशोधनातून दिसून आले. २००० सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. विटेवर वीट ठेवताना मधला चुना वाळायला वेळ द्यावा लागतो, तसेच हे समजा.

परवच्याची एक मर्यादाही पाहून ठेवू. 'साता आठे किती?' असे अचानक विचारले की पुष्कळ मुले मनात 'सात एके सात' पासून सुरुवात करतात. क्रमाने म्हटलेले क्रमानेच आठवते. म्हणून पाढा उलटा म्हणा, मधूनच विचारा. सूत्रांचेही तेच आहे.

आता अंतर किती ठेवावे? एक सोयीचे वेळापत्रक असे: आज शिकलेले उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, पंधरवड्याने आणि महिन्याने. हे आकडे काही दगडावरची रेघ नव्हेत. किंचित विसरू लागावे आणि तेवढ्यात आठवून पाहावे, हे तत्त्व. घरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात धड्याचा क्रमांक लिहून ठेवला की काम झाले.

सेबास्टियन लाइटनर याने १९७२ साली जर्मन भाषेत लिहिलेल्या पुस्तकात यासाठी एक सोपी युक्ती दिली. जुन्या लग्नपत्रिकांचे छोटे तुकडे करा. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. बुटाच्या खोक्यात तीन कप्पे करा. नवी पत्रे पहिल्या कप्प्यात. ती रोज पाहायची. उत्तर बरोबर आले की पत्र दुसऱ्या कप्प्यात. तो तीन दिवसांनी उघडायचा. पुन्हा बरोबर आले की तिसऱ्या कप्प्यात; तो आठवड्याने. चुकले की पत्र परत पहिल्या कप्प्यात. जे येते त्यावर वेळ वाया जात नाही आणि जे येत नाही ते रोज समोर येते. सूत्रे, संज्ञा, मूलद्रव्यांच्या संज्ञा, सनावळ्या, इंग्रजी शब्द या सर्वांना ही युक्ती लागू पडते.

सरमिसळ करा

गणिताचे थोडे निराळे आहे. वर्गात एका प्रकारची दहा उदाहरणे ओळीने सोडवतो, तेव्हा सर्व बरोबर येतात. परीक्षेत तेच उदाहरण चुकते. कारण वर्गात कोणती रीत वापरायची हे आधीच ठाऊक असते. परीक्षेत ते ओळखण्यापासून सुरुवात करावी लागते.

रोअरर आणि टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाला एका आकृतीची सर्व उदाहरणे संपवून मग दुसरी दिली. दुसऱ्या गटाला चारींची सरमिसळ करून दिली. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, सरमिसळ गटाची ६० टक्केच. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र पहिल्या गटाला २० टक्के आणि सरमिसळ गटाला ६३ टक्के मिळाले. तेव्हा रीत समजेपर्यंत एका प्रकारची दोन-तीन उदाहरणे सोडवा. त्यानंतर मागच्या प्रकरणांतली उदाहरणे मिसळून सराव करा. सरावात चुका जास्त होतील. त्या सोसा!

अर्थाचा खुंटा

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली एक शिक्षण परिषद भरली होती. तिच्या ठरावांवरून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने जी योजना तयार केली, ती 'वर्धा योजना' किंवा 'नई तालीम' म्हणून देशभर ओळखली गेली. शिक्षण हाताच्या कामाशी जोडलेले असावे, हे तिचे मुख्य सूत्र. टकळीवर सूत काढणारे मूल चार फुटांची एक तार, ६४० तारांची एक गुंडी असा हिशेब करी. एका गुंडीत २५६० फूट सूत, हे त्याला पाठ करावे लागत नसे. ते त्याच्या बोटांनी मोजलेले असे. टकळीची चकती गिरकी दिल्यावर का फिरत राहते, या प्रश्नातून तर सरळ पदार्थविज्ञानाच्या जडत्वाच्या प्रकरणात शिरता येते.

त्या योजनेविषयी मतभेद झाले, पुढे ती सर्वत्र टिकली नाही. पण स्मरणाच्या दृष्टीने तिच्यातील एक गोष्ट आजही पटते. नवी माहिती आधीच्या अनुभवाला अडकवली की टिकते. खुंटीशिवाय टांगलेला सदरा खाली पडणारच.

एक उदाहरण घ्या. 'बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता द्रव आपल्या भोवतालातून घेतो' हे वाक्य दहा वेळा घोकता येईल. त्याऐवजी स्वतःला विचारा: आपल्याकडच्या मे महिन्यात कूलर खोली थंडगार करतो, पण ऑगस्टमध्ये तोच कूलर नुसती ओलसर हवा का फेकतो? मेमध्ये हवा कोरडी, म्हणून पाणी भराभर वाफ होते आणि उष्णता शोषली जाते. पावसाळ्यात हवेत आधीच बाष्प भरपूर, म्हणून बाष्पीभवन मंदावते. एका कूलरला अप्रकट उष्मा आणि सापेक्ष आर्द्रता अशा दोन संकल्पना टांगल्या गेल्या!

सूत्रांचेही तसेच. 'अंतर = सुरुवातीचा वेग × काळ + ½ × त्वरण × काळ²' हे सूत्र एरवी निसटते. वेग-काळ आलेख काढा. एकसमान त्वरणाची तिरपी रेषा येईल. तिच्याखाली एक आयत आणि त्यावर एक त्रिकोण दिसेल. आयताचे क्षेत्रफळ म्हणजे पहिले पद, त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे दुसरे. तो ½ त्रिकोणाचा आहे. सूत्र विसरले तरी आकृतीवरून ते परत उभे करता येईल. समजून घेतलेल्या गोष्टीचा हाच मोठा फायदा: ती हरवली तरी पुन्हा तयार करता येते.

मग केवळ क्लृप्त्या वापरूच नयेत का? तसे नाही. इंद्रधनुष्याचे रंग आठवण्यासाठी 'तानापिहिनिपाजा' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. महिन्यांचे दिवस मुठीच्या उंचवट्यांवर मोजतात, तीही अशीच युक्ती. जेथे केवळ क्रम लक्षात ठेवायचा असतो तेथे त्या उत्तम. परंतु तांबडा एका टोकाला आणि जांभळा दुसऱ्या टोकाला का, हे तो शब्द सांगत नाही. त्यासाठी तरंगलांबी आणि अपवर्तन समजून घ्यावे लागते. क्लृप्ती ही काठी आहे, पाय नव्हे.

झोप म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे

परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचण्याची पद्धत सर्वत्र आहे. जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ साली दोन विद्यार्थ्यांना निरर्थक शब्द पाठ करायला दिले आणि काही वेळा त्यानंतर झोपू दिले, काही वेळा जागे ठेवले. तेवढ्याच तासांनंतर झोपून उठल्यावर जास्त शब्द आठवले. त्यानंतरच्या अनेक प्रयोगांतूनही दिसते की झोपेत दिवसभराचे शिकलेले पक्के होण्याचे काम चालते. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे आठवून पाहणे आणि मग पुरेशी झोप घेणे, हे रात्रभर जागण्यापेक्षा फायद्याचे. परीक्षेच्या मोसमात स्मरणशक्ती वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिराती दिसतात. त्यांवर पैसे घालवू नका. उजळणीची जागा घेईल अशी गोळी नाही.

वर्गात करून पाहा

संशोधक सांगतात म्हणून ऐकू नका, स्वतः पडताळा घ्या. विज्ञानाच्या पुस्तकातील, अजून न शिकवलेला, सुमारे ३०० शब्दांचा उतारा निवडा. त्यातील वीस मुद्द्यांची यादी शिक्षकांनी करून ठेवावी. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करा. दोन्ही गटांना १५ मिनिटे. 'क' गटाने पाच-पाच मिनिटे असा तीनदा उतारा वाचावा. 'ख' गटाने पाच मिनिटे वाचावा, पाच मिनिटे न पाहता लिहावा, आणि शेवटची पाच मिनिटे उतारा पाहून चुका सुधाराव्यात. सर्व कागद गोळा करा.

एक आठवड्याने, आधी न सांगता, दोन्ही गटांना आठवेल ते लिहायला सांगा आणि प्रत्येकाचे मुद्दे मोजून गटाची सरासरी काढा. एवढ्यावर थांबू नका. एका गटात योगायोगाने अधिक तयारीची मुले आली असतील. म्हणून नवा उतारा घेऊन गटांची अदलाबदल करा आणि प्रयोग पुन्हा करा. दोन्ही वेळा तीच पद्धत पुढे राहिली तर निष्कर्षाला बळ येते. निकाल काहीही लागो, आकडे जसे आले तसे नोंदवा.

शिक्षकांसाठी दोन शब्द

तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटे, वह्या मिटवून, मागच्या आठवड्यातले तीन प्रश्न. गुण नाहीत, शिक्षा नाही; उत्तरे लगेच फळ्यावर. एवढ्या साध्या गोष्टीने वर्गाची विस्मरणाची वक्ररेषा वर उचलता येते. अमेरिकेतील आयोवा राज्यात स्पिट्झर याने १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहावीच्या ३६०५ मुलांवर हे पाहिले होते: वाचनानंतर लवकर घेतलेल्या छोट्या चाचणीने पुढच्या काळातील विस्मरण कमी झाले. चाचणी ही केवळ मोजपट्टी नाही, ती शिकण्याचे साधन आहे.

एक सावधगिरीही हवी. काही मुलांची अडचण पद्धतीची नसते. फळ्यावरचे नीट दिसत नसेल, ऐकू कमी येत असेल, मूल उपाशी येत असेल किंवा शरीरात रक्त कमी असेल, तर आधी त्यावर उपाय व्हायला हवा. तोंडी उत्तरे चटकन देणारे मूल वाचनात आणि लेखनात सतत अडखळत असेल, तर त्याला अध्ययन अक्षमता असू शकते. तिचा बुद्धिमत्तेशी संबंध नाही. अशा विद्यार्थ्यांना योग्य तपासणीनंतर प्रमाणपत्र मिळते आणि महाराष्ट्रात शालान्त परीक्षेत सवलतीही मिळतात. त्याला 'मठ्ठ' म्हणणे हा अन्याय आहे.

विद्यार्थिमित्रांनो, या लेखातील सर्व उपाय एकदम सुरू करू नका. एकच निवडा आणि महिनाभर नेमाने करा. आणि आता हा अंक मिटा, एक कोरा कागद घ्या आणि पुढील प्रश्नांची उत्तरे न पाहता लिहा.

१) एबिंगहाउसच्या प्रयोगात १ तासाने आणि ३१ दिवसांनी किती टक्के बचत झाली?
२) विस्मरणाची वक्ररेषा आणि किरणोत्सारी ऱ्हास यांत फरक कोणता?
३) पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या गटाला पाच मिनिटांनंतर जास्त आणि आठवड्यानंतर कमी का आठवले?
४) सेवाग्रामचा पिनकोड कोणता?
५) कूलर ऑगस्टमध्ये खोली फारशी थंड का करत नाही?

जे आठवणार नाही ते अंक उघडून तांबड्या शाईने भरा. उद्या पुन्हा, आणि मग पुढच्या आठवड्यात पुन्हा.